प्रजासत्ताकाचा अस्त आणि पूर्वकथापट : ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) या चित्रपटाच्या बलस्थानांचा व उणिवांचा इतिहासदृष्टीने अभ्यास

गोषवारा

जॉर्ज लुकस लिखित-दिग्दर्शित ‘स्टार वॉर्स : रिव्हेंज ऑफ द सिथ’ हा २००५ मधील चित्रपट विज्ञानकल्पित मनोरंजनपट म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि त्याचा गाभा राजकीय आहे. एक प्रजासत्ताक कायदेशीर मार्गाने साम्राज्यात कसे रूपांतरित होते, ही त्याची मुख्य कथा होय. प्रस्तुत निबंधात रोमन प्रजासत्ताकाचा अंत आणि जर्मनीतील वायमार प्रजासत्ताकाचा पाडाव या दोन ऐतिहासिक घटनांच्या प्रकाशात या चित्रपटाची बलस्थाने व उणिवा तपासल्या आहेत. सत्तांतराचे बाह्य स्वरूप चित्रपटाने अचूक पकडले आहे, मात्र त्या सत्तांतराची सामाजिक कारणे आणि त्याला झालेला विरोध यांना त्याने जवळजवळ स्थान दिलेले नाही, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : पूर्वकथापट, विज्ञानकल्पित चित्रपट, प्रजासत्ताक, आणीबाणीचे अधिकार, ऐतिहासिक कार्यकारणभाव

१. प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला शेवट आधीच ठाऊक असतो. वायमार प्रजासत्ताक टिकले नाही, हे माहीत असूनच तो १९१९ पासूनच्या घटना वाचतो. या ज्ञानाचा लाभ असा की, कोणत्या घटना पुढे महत्त्वाच्या ठरल्या हे त्याला कळते. त्यातील धोका असा की, जे घडले ते घडणारच होते, असे त्याला वाटू लागते. हर्बर्ट बटरफिल्ड यांनी १९३१ मध्ये इतिहासलेखनाच्या ज्या प्रवृत्तीवर टीका केली, तिच्या मुळाशी वर्तमानाच्या मोजपट्टीने भूतकाळ मोजण्याची हीच सवय होती.

पूर्वकथापट, म्हणजे ज्याला चित्रपटव्यवसायात ‘प्रीक्वेल’ म्हटले जाते, त्याची अवस्था नेमकी अशीच असते. आधी प्रदर्शित झालेल्या कथेच्या पूर्वीचा काळ तो सांगतो, त्यामुळे प्रेक्षकाला शेवट माहीत असतो. ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता संपलेली असते आणि तिची जागा ‘असे का झाले’ या प्रश्नाने घेतलेली असते. ‘का’ हा प्रश्न तर इतिहासाचा मूळ प्रश्न आहे. म्हणून पूर्वकथापटाचे मूल्यमापन इतिहासाच्या निकषांवर करणे अप्रस्तुत ठरू नये.

२. अभ्यासविषय व अभ्यासपद्धती

‘स्टार वॉर्स’ मालिकेतील पहिले तीन चित्रपट १९७७, १९८० व १९८३ मध्ये प्रदर्शित झाले. त्यांत एका दुष्ट आकाशगंगीय साम्राज्याविरुद्धचा लढा दाखविला होता. त्या साम्राज्यापूर्वी एक प्रजासत्ताक होते, एवढाच उल्लेख तेथे ओझरता येतो. हे प्रजासत्ताक कसे नष्ट झाले हे सांगण्यासाठी लुकस यांनी १९९९, २००२ व २००५ मध्ये तीन पूर्वकथापट निर्माण केले. प्रस्तुत निबंधाचा विषय असलेला चित्रपट या त्रयीतील अखेरचा होय. मे २००५ मध्ये कान महोत्सवात तो दाखविण्यात आला आणि त्याच महिन्यात जगभर प्रदर्शित झाला. सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने पहिल्या प्रदर्शनात सुमारे ८५ कोटी डॉलर मिळविले. ऑस्करसाठी मात्र त्याला रंगभूषा या एकाच विभागात नामांकन मिळाले. लोकप्रियता आणि समीक्षकांची दाद यांतील हे अंतर लक्षणीय आहे.

या अभ्यासासाठी तुलनात्मक पद्धती स्वीकारली आहे. चित्रपटातील घटनाक्रम ऐतिहासिक घटनांशी ताडून पाहताना दोन बाबी कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली, सत्तांतराची रीत म्हणजे ते कोणत्या पायऱ्यांनी घडले, आणि दुसरी, सत्तांतराची कारणे म्हणजे ते का घडू शकले. चित्रपटाचे यशापयश याच भेदावर अवलंबून आहे, असे दिसून येते.

३. कथेचा राजकीय आराखडा

१९९९ च्या पहिल्या पूर्वकथापटात व्यापारमार्गांवरील करांचा वाद निर्माण होतो आणि एक व्यापारी महासंघ स्वतःच्या सैन्यानिशी नाबू या छोट्या ग्रहाची नाकेबंदी करतो. सिनेटमध्ये चर्चेशिवाय काही घडत नाही. त्याच ग्रहाचा प्रतिनिधी पाल्पटिन तेथील तरुण राणीला चॅन्सेलरविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडण्यास प्रवृत्त करतो आणि पुढे स्वतः चॅन्सेलर होतो. २००२ च्या चित्रपटात फुटीरतावादी ग्रहांशी युद्धाची शक्यता निर्माण होताच सिनेट त्याला आणीबाणीचे अधिकार बहाल करते. संकट संपताच हे अधिकार परत करीन, असे आश्वासन तो देतो. त्या अधिकारान्वये तो कृत्रिमरीत्या घडविलेल्या एकसारख्या सैनिकांची फौज उभी करतो.

२००५ च्या चित्रपटात युद्ध अखेरच्या टप्प्यात आहे. अ‍ॅनाकिन स्कायवॉकर हा जेडाय पंथाचा तरुण योद्धा पत्नी पाद्मेच्या मृत्यूची स्वप्ने पाहून व्याकूळ झाला आहे. तिला वाचविण्याची विद्या आपल्याजवळ असल्याचे भासवून पाल्पटिन त्याला आपल्या बाजूला वळवितो. जेडायांवर राजद्रोहाचा ठपका ठेवून त्यांचे शिरकाण केले जाते आणि सुरक्षिततेसाठी प्रजासत्ताकाचे साम्राज्यात रूपांतर करीत असल्याची घोषणा पाल्पटिन सिनेटसमोर करतो. सभागृह टाळ्यांचा कडकडाट करते. अ‍ॅनाकिन हाच पुढचा डार्थ व्हेडर, हे प्रेक्षकाला पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते.

४. चित्रपटाची बलस्थाने

४.१ कायद्याच्या वाटेने येणारी हुकूमशाही

या चित्रपटाचे सर्वांत मोठे बलस्थान असे की, प्रजासत्ताकावर बाहेरून हल्ला होऊन ते कोसळत नाही. ते स्वतःच्या ठरावांनी संपते. या मांडणीला इतिहासाचा भक्कम आधार आहे. रोममध्ये हुकूमशहा हे एक घटनात्मक पद होते आणि त्याची मुदत सामान्यतः सहा महिन्यांची असे. इ.स.पू. ६७ मध्ये समुद्री चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी गाबिनियस याच्या कायद्याने पाँपीला असाधारण लष्करी अधिकार देण्यात आले. संकट खरे होते, पण त्यावरील उपायाने एका व्यक्तीच्या हाती अभूतपूर्व सत्ता देण्याचा पायंडा पडला. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर आजीव हुकूमशहा झाला. इ.स.पू. २७ मध्ये ऑगस्टसने तर प्रजासत्ताक पुनःस्थापित केल्याचे जाहीर करीतच एकसत्ता दृढ केली.

जर्मनीत ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो राष्ट्राध्यक्षांच्या नियुक्तीने. २७ फेब्रुवारीला संसद भवनास आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी नागरी स्वातंत्र्ये स्थगित करणारा हुकूम निघाला. २३ मार्चला ‘एनेबलिंग अ‍ॅक्ट’ संमत होऊन कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. या अधिकारांचा वापर अत्यावश्यक तेवढाच केला जाईल, असे आश्वासन त्या वेळीही देण्यात आले होते. पाल्पटिनचे २००२ च्या चित्रपटातील आश्वासन याच जातीचे आहे. त्याच्या पदाचे नाव चॅन्सेलर असणे हेही अर्थपूर्ण वाटते.

४.२ संस्थांचे बाह्य रूप टिकणे

साम्राज्याची घोषणा झाल्यावरही सिनेट बरखास्त होत नाही. १९७७ च्या मूळ चित्रपटात, म्हणजे कथाकाळानुसार सुमारे १९ वर्षांनी, सम्राटाने ती कायमची विसर्जित केल्याची वार्ता येते. मूळ चित्रपटातील एका वाक्याशी सुसंगती राखण्याची गरज पूर्वकथापटाला होती. त्या गरजेतून एक ऐतिहासिक सत्य मात्र साकार झाले. ऑगस्टसच्या काळातही रोमन सिनेट भरत होती, कॉन्सल निवडले जात होते. नाझी राजवटीतही जर्मन संसद कागदोपत्री अस्तित्वात राहिली. संस्था रिकाम्या होतात, पण त्यांची नावे व इमारती राहतात, हा बोध विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून सहज होत नाही.

हाच आशय एका दृश्यात प्रत्यक्ष आकारास येतो. जेडायांचा वयोवृद्ध गुरू योडा आणि पाल्पटिन यांचे द्वंद्व रिकाम्या सिनेट सभागृहात होते. त्या वेळी पाल्पटिन प्रतिनिधींची तरंगती आसने उचलून प्रतिस्पर्ध्यावर फेकतो. लोकप्रतिनिधींची जागा येथे अक्षरशः शस्त्र झाली आहे. चित्रपटात यावर कोणी भाष्य करीत नाही आणि त्याची गरजही भासत नाही.

४.३ रक्षकांचेही अधःपतन

दोष केवळ एका दुष्टाच्या माथी मारून चित्रपट थांबत नाही. शांततेचे रक्षक म्हणविणारे जेडाय युद्धात सेनापती झाले आहेत. आपल्याच मंडळातील तरुणाला ते राज्यप्रमुखावर हेरगिरी करण्यास सांगतात. चित्रपटाच्या आरंभी अ‍ॅनाकिन पाल्पटिनच्या सांगण्यावरून निःशस्त्र झालेल्या डुकूचा शिरच्छेद करतो. पुढे जेडाय नेता विंडू हा पाल्पटिनला न्यायासनासमोर न नेता जागीच ठार करू पाहतो, कारण न्यायालये व सिनेट त्याच्याच मुठीत आहेत असे त्याला वाटते. दोन्ही प्रसंगी कायदा बाजूला सारला जातो. सीझरच्या वधाने प्रजासत्ताक वाचले नाही, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रजासत्ताकाचे रक्षणकर्तेच जेव्हा त्याच्या नियमांवरचा विश्वास गमावतात तेव्हा अर्धी लढाई हरलेली असते, हे या समांतर प्रसंगांतून प्रभावीपणे व्यक्त होते.

४.४ खाजगी भीती व सार्वजनिक भीती

अ‍ॅनाकिनला पत्नी गमावण्याची भीती आहे आणि सिनेटला सुरक्षितता गमावण्याची. दोघेही एकाच माणसाकडे संरक्षण मागतात आणि जे वाचवायचे तेच गमावून बसतात. संगीतिकागृहातील प्रसंगात पाल्पटिन मृत्यूवर मात करणाऱ्या एका जुन्या गुरूची कथा हळुवारपणे सांगतो. इयन मॅकडायरमिड यांचा येथील संयत अभिनय हे या चित्रपटाचे अभिनयातील शिखर होय. साम्राज्याच्या घोषणेचे भाषण आणि अ‍ॅनाकिनने फुटीरतावादी नेत्यांची केलेली कत्तल ही दृश्ये आलटून पालटून दाखविल्याने दोन्ही प्रवाहांचा संगम होतो.

समकालीन संदर्भही दुर्लक्षिता येत नाही. या कथेचे मूळ व्हिएतनाम युद्धाच्या व निक्सन यांच्या काळातील चिंतनात असल्याचे लुकस यांनी सांगितले होते. तथापि जो माझ्या बाजूने नाही तो माझा शत्रू, या आशयाचे अ‍ॅनाकिनचे उद्गार ऐकून २००५ मधील अनेक प्रेक्षकांना अध्यक्ष बुश यांचे २० सप्टेंबर २००१ चे भाषण आठवले. एकच आराखडा रोम, बर्लिन आणि वॉशिंग्टन या तिन्हींकडे पाहण्यास प्रवृत्त करतो, हे त्याच्या व्यापकतेचे लक्षण मानावे लागेल.

५. चित्रपटाच्या उणिवा

५.१ कटाचा सिद्धान्त

सत्तांतराची रीत अचूक दाखविणारा हा चित्रपट कारणांकडे वळतो तेव्हा मात्र दुबळा ठरतो. युद्धातील दोन्ही पक्ष अखेर एकाच सूत्रधाराच्या हातातील बाहुल्या निघतात. परिणामी करांचा वाद, व्यापारी संघांची सत्ता, दूरच्या ग्रहांचा असंतोष ही सारी कारणे निरर्थक होतात. चित्रपटाच्या प्रारंभीच्या निवेदनात दोन्ही बाजूंना वीर असल्याचे सांगितले आहे, परंतु फुटीरतावाद्यांच्या बाजूचा एकही वीर पडद्यावर येत नाही.

इ. एच. कार यांनी १९६१ मधील व्याख्यानांत व्यक्ती व योगायोग यांवर इतिहासाचा भार टाकण्याच्या प्रवृत्तीची चिकित्सा केली होती. क्लिओपात्राच्या नाकाच्या सौंदर्याने रोमचा इतिहास घडला, या प्रकारच्या स्पष्टीकरणाचा त्यांनी परामर्श घेतला. प्रस्तुत चित्रपट या आक्षेपास पात्र ठरतो. हिटलर धूर्त होता यात शंका नाही, पण १९३२-३३ मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोक बेकार नसते, आणि आपण त्याला आवर घालू असे फॉन पापेन यांच्यासारख्या रूढिवादी नेत्यांना वाटले नसते, तर केवळ धूर्तपणाने त्याला सत्ता मिळाली असती असे म्हणता येत नाही. पाल्पटिनला असे सहकारी लागत नाहीत. त्याला केवळ फसणारे लागतात. फसणे आणि स्वार्थासाठी साथ देणे यांतील फरक इतिहासात फार मोठा आहे.

५.२ वगळलेला विरोध

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. पाद्मे, बेल ऑर्गना आणि मॉन मॉथ्मा हे सिनेटर एकत्र येऊन चॅन्सेलरच्या वाढत्या अधिकारांना सनदशीर विरोध करतात, अशी दृश्ये चित्रित झाली होती. अंतिम संकलनात ती वगळण्यात आली आणि २००५ च्या डीव्हीडीमध्ये स्वतंत्रपणे देण्यात आली. कथेचा रोख अ‍ॅनाकिनवर ठेवण्यासाठी हे केले गेले असावे. पण त्यामुळे पहिल्या चित्रपटातील कणखर राणी या चित्रपटात घरात वाट पाहणारी पत्नी एवढीच उरते आणि अखेरीस जगण्याची इच्छाच संपल्याने मरण पावते. टाळ्यांच्या गजरात स्वातंत्र्याचा अंत होत असल्याची तिची खंत प्रसिद्ध आहे, परंतु ती बाजूच्या माणसाला सांगितलेली खंत आहे. तो सभागृहातील निषेध नव्हे.

२३ मार्च १९३३ चे वास्तव येथे मुद्दाम नमूद करणे आवश्यक आहे. त्या दिवशी ४४४ मते कायद्याच्या बाजूने पडली, पण ९४ मते विरोधात होती. कम्युनिस्ट प्रतिनिधींना आधीच अटकेने वा दहशतीने दूर ठेवण्यात आले होते. सभागृहाभोवती व सभागृहात नाझी दलांचे लोक उभे होते. अशा वातावरणात सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स यांनी उभे राहून विरोधाचे भाषण केले. कायदा संमत झालाच. मग त्या ९४ मतांचे मोल काय? शेवट माहीत असलेल्या कथाकाराला ते शून्य वाटू शकते. इतिहासकाराला तसे वाटून चालत नाही. दुसरा मार्ग होता आणि काहींनी तो डोळसपणे निवडला, याचा तो पुरावा आहे. हा पुरावा काढून टाकला की पराभव अटळ भासू लागतो.

५.३ समाजाचा अभाव

या प्रजासत्ताकात सिनेट आहे, मंदिर आहे, राजवाडे आहेत, परंतु नागरिक नाहीत. राजधानीच्या ग्रहावर अब्जावधी लोक राहत असावेत असे दृश्यावरून वाटते. त्यांना युद्धाविषयी काय वाटते, हे मात्र कळत नाही. रोमच्या संदर्भात धान्यवाटप, जमिनीचा प्रश्न आणि भूमिहीन सैनिक यांना वगळून प्रजासत्ताकाचा अंत समजावून सांगता येत नाही. सैनिकांची निष्ठा राज्यापेक्षा सेनापतीकडे का गेली, यावर अभ्यासकांत मतभेद असले तरी तो प्रश्न सामाजिक आहे, याविषयी दुमत नाही. चित्रपटातील सैन्य कारखान्यात तयार झालेले असल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही. आदेश मिळताच ते आपल्याच सेनापतींवर गोळ्या झाडते. दृश्य हृदयद्रावक आहे, पण स्पष्टीकरण म्हणून पोकळ आहे.

याहून मोठी संधी हुकली ती गुलामगिरीच्या संदर्भात. १९९९ च्या चित्रपटात अ‍ॅनाकिन हा गुलाम मुलगा आहे. प्रजासत्ताकाचे कायदे त्याच्या ग्रहापर्यंत पोहोचत नाहीत आणि त्याची आई मागेच राहते. जे राज्य आपल्या आईला मुक्त करू शकले नाही त्याविषयी त्याच्या मनात आस्था का असावी? त्याच्या परिवर्तनाचे हे सबळ कारण उपलब्ध होते. तथापि २००५ च्या चित्रपटात त्याचा मागमूस नाही. त्यामुळेच एका क्षणी पश्चात्ताप आणि काही क्षणांत निरपराध बालकांची हत्या हा त्याचा प्रवास अनेकांना असंभाव्य वाटला. संवादांतील कृत्रिमता व प्रेमप्रसंगांतील ताठरपणा हे दोष समीक्षकांनी पुष्कळदा दाखविले आहेत, पण मूळ दोष कारणमीमांसेचा आहे.

५.४ पूर्वनियोजित शेवटाचे ओझे

शेवटच्या अर्ध्या तासात चित्रपट जणू यादी पूर्ण करीत जातो. जुळ्या मुलांची ताटातूट, व्हेडरचा मुखवटा, दोन सूर्यांचा ग्रह अशा सर्व खुणा जागेवर बसविल्या जातात. एवढे करूनही १९८३ च्या चित्रपटात लेयाला आपली आई अंधुकशी आठवते आणि येथे तर आई तिच्या जन्मासमयीच निवर्तते, ही विसंगती राहिलीच. शेवटाकडे धाव घेणारे कथन वर्तमानातील पर्याय कसे पुसून टाकते, याचे हे उदाहरण होय.

६. उत्तरकालीन पूर्वकथा व पुनर्मूल्यांकन

२०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म ही संस्था विकत घेतल्यानंतर याच कालखंडावर आणखी पूर्वकथा आल्या. ‘रोग वन’ (२०१६) हा चित्रपट आणि ‘अँडोर’ (२०२२-२०२५) ही मालिका यांनी वर नोंदविलेल्या उणिवांची जणू दुरुस्ती केली. ‘अँडोर’मध्ये कारखाने, तुरुंग, कारकून व पोलीस यांतून साम्राज्य दिसते आणि सामान्य माणसे कोणत्या कारणांनी बंडाकडे वळतात हे सावकाश उलगडते. जेनेव्हीव्ह ओरायली या अभिनेत्रीने २००५ मध्ये साकारलेल्या मॉन मॉथ्माची सिनेटमधील विरोधाची दृश्ये कात्रीखाली गेली होती. त्याच अभिनेत्रीने त्याच भूमिकेत २०२५ मध्ये सिनेटमध्ये उभे राहून एका हत्याकांडाचा जाहीर निषेध केला. वगळलेला विरोध वीस वर्षांनी सभागृहात परतला, असे म्हणता येईल. २००५ चा चित्रपटही एप्रिल २०२५ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला व त्याला मोठा प्रतिसाद मिळाला.

७. भारतीय अध्यापकाच्या दृष्टीने

भारतीय वर्गात हा विषय परका राहत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेऊ शकते, असा इशारा दिला होता. १९७५ ते १९७७ या काळातील आणीबाणी संविधानातील तरतुदीनुसारच जाहीर झाली होती. त्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाऐवजी ‘सशस्त्र उठाव’ हे कारण घातले आणि मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक केला. असाधारण अधिकार परत घेता येतात, पण त्यासाठी मतदार, न्यायालये, वृत्तपत्रे व विरोधक यांचे अस्तित्व लागते. चित्रपटातील प्रजासत्ताकात नेमके हेच घटक अदृश्य आहेत. विद्यार्थ्यांसमोर हा चित्रपट ठेवताना त्यात काय दाखविले आहे याबरोबरच काय दाखविलेले नाही, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

८. निष्कर्ष

१. प्रजासत्ताकाचे हुकूमशाहीत होणारे कायदेशीर रूपांतर ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ने मोठ्या लोकसमुदायापर्यंत प्रभावीपणे पोहोचविले. या बाबतीत तो रोमन व जर्मन इतिहासाशी प्रामाणिक आहे.

२. रक्षकसंस्थांचे अधःपतन आणि भीतीचे राजकारण ही त्याची दोन मौलिक निरीक्षणे होत.

३. कारणमीमांसेत तो एका व्यक्तीच्या कटावर विसंबतो, त्यामुळे आर्थिक व सामाजिक कारणे गौण ठरतात.

४. सनदशीर विरोधाची दृश्ये वगळल्याने प्रजासत्ताकाचा अस्त अटळ भासतो. ही त्याची इतिहासदृष्ट्या सर्वांत गंभीर उणीव होय.

५. शेवट ठाऊक असणे हा पूर्वकथाकाराचा आणि इतिहासकाराचा समान धर्म आहे. ज्या क्षणी दुसरे काही घडू शकत होते तो क्षण वाचकाला दाखविणे, हे दोघांचेही कर्तव्य आहे. बर्लिनमधील त्या ९४ मतांनी कायदा रोखला नाही, तरी त्यांच्याशिवाय त्या दिवसाचा इतिहास लिहिता येत नाही.